रांग आहे कुठे?
‘रीतसर व्हिसा काढा, रांगेत उभे राहा’ हे आश्रयासाठी परदेशात जाणाऱ्यांवरच्या लेखातलं वाक्य ऐकायला ठीक आहे, पण ती रांग आहे कुठे? ‘आश्रय मागायला येतोय’ असं व्हिसाच्या अर्जात लिहिलं तर व्हिसा मिळत नाही, आणि आश्रयाचा अर्ज बहुतेक वेळा त्या देशात पोचल्यावरच करता येतो. म्हणून तर १९५१ च्या निर्वासित कराराचं ३१ वं कलम आहे: जिवाच्या धोक्यातून थेट आलेला माणूस लगेच स्वतःहून हजर झाला आणि सबळ कारण दिलं, तर बेकायदा प्रवेशाबद्दल त्याला शिक्षा करायची नाही. लेखात याचा उल्लेखही नाही.

मी काही वर्षं विमानतळावर चेक-इन काउंटरला होते. कागद अपुरे असलेला प्रवासी नेला की दंड विमान कंपनीला. युरोपीय संघात तर २००१ च्या नियमानुसार माणशी हजारो युरो. म्हणजे सीमेवरची पहिली पहारेकरी मीच, तेही जेमतेम ट्रेनिंगवर! एकदा एका बाईच्या पासपोर्टवरच्या फोटोवरून अंगठा फिरवला, तर कडा किंचित उचललेली लागली. सुपरवायझरला बोलावलं. त्या बाईने वाद घातला नाही. मुलाच्या जॅकेटची चेन वर ओढली आणि पट्ट्यावरची बॅग उतरवून घेतली. ती कशापासून पळतेय, हे विचारायचा रकाना माझ्या स्क्रीनवर नव्हता.