खुलासा एका बादलीचा

आमच्या दोनशिक्षकी शाळेच्या शेरेबहीत गेल्या आठवड्यात तांबड्या शाईने एक वाक्य उमटले : ‘डेडस्टॉक रजिस्टरप्रमाणे लोखंडी बादली (नग १) आढळून आली नाही, मुख्याध्यापकांनी खुलासा सादर करावा.’ डेडस्टॉक रजिस्टर म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही. बादली वास्तविक शाळेच्या आवारातच, लिंबाच्या झाडाखाली होती. फक्त ती पालथी होती आणि तिच्यावर तपासणी अधिकाऱ्यांच्या गाडीचा चालक बसलेला होता.

टाचणवह्या, हजेरीपट, आवक-जावक, पोषण आहाराची चव नोंदवही ही सारी आयुधे मी आदल्या रात्रीच टेबलावर मांडून ठेवली होती, आणि ती तशी ठीकच निघाली. बादलीपाशी मात्र साहेबांचे बोट थांबले. मी धावत बाहेर आलो.

“जरा उठता का? बादली दाखवायची आहे.”

“कामून, गुर्जी? काचंवर पाणी मारायला म्याच घेतली. आता सायेब भाईर आल्याबिगर म्या उठत नसतो.”

“साहेबच ती मागत आहेत.”

“मंग सायबानं हितं यावं. गाडी सोडून आत जायचा आपल्याला आर्डर न्हाई.”

आत जायचे त्याला नव्हतेच, बादलीला होते. पण तो भेद त्याला पटवण्याइतका वेळ नव्हता. शिवाय त्याने समोरच्या चौथीतल्या मुलीला एक गणित घातले होते आणि उत्तर आल्याशिवाय तो हलायला तयार नव्हता. “गाडी लिटरला बारा किलोमीटर देती, तालुका चोवीस किलोमीटर. डिझेल किती?” मुलगी म्हणाली, “यायला दोन, जायला दोन, चार लिटर. पण काका, तुमच्या गाडीचं मशीन मघापासून चालूच हाय, त्याचं कोण धरायचं?” चालक थोडा वेळ गप्प बसला, मग उठून गाडी बंद करून आला आणि पुन्हा बादलीवर बसला! अखेर मी ती त्याच्याखालून जवळजवळ ओढूनच काढली आणि घेऊन आत गेलो, तेव्हा शेरा वाळला होता. “शेरेबहीत खाडाखोड चालत नाही,” साहेब बादलीकडे पाहत म्हणाले, “खुलाशात लिहा.”

त्या संपूर्ण तपासणीत एखाद्या लेकराला एखादा प्रश्न विचारला गेला असेल, तर तो हाच. आणि त्याची नोंद कोठेही नाही. तिसरीची मुले न अडखळता धडा वाचतात, हे ऐकायला वर्गात कोणी आलेच नाही, याचा राग मला अजून आहे. 1854 च्या वुडच्या खलित्याने, म्हणजे शिक्षणविषयक आदेशपत्राने, ब्रिटिश मुलखात शाळा तपासनीस नेमण्याची व्यवस्था सुचवली. आमचा मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात असल्याने ती परंपरा आमच्याकडे वेगळ्या वाटेने आली असेल, पण रजिस्टर आधी आणि लेकरू नंतर हा क्रम दोन्ही वाटांनी सुखरूप पोचलेला दिसतो.

दोष एकट्या साहेबांचा नाही, हेही खरे. रिक्त जागांमुळे एकेका अधिकाऱ्याकडे दुसऱ्याचाही कार्यभार असतो आणि बादली मोजणे वाचन ऐकण्यापेक्षा लवकर उरकते. पण निदान एक पूर्ण तास वर्गात मागच्या बाकावर बसावे, नवा शेरा लिहिण्याआधी मागचा वाचावा आणि तांबडी शाई उघडण्यापूर्वी शिक्षकाचे म्हणणे ऐकावे, यासाठी कोणत्याही अनुदानाची गरज नाही. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक ठेवले आहेत आणि शाळेच्या कामकाजावर देखरेख हे तिचे कामच आहे. तेव्हा शेरा त्यांच्यासमोर मोठ्याने वाचून दाखवायला हरकत नसावी. बादलीचे वाक्य त्या बायाबापड्यांसमोर वाचताना साहेबांना स्वतःलाच हसू फुटले असते. इंग्लंडात सरकारी शाळांवर एकशब्दी श्रेणीचा शिक्का मारण्याची पद्धत 2024 मध्ये बंद केली. आमची अपेक्षा त्याहून लहान आहे : शिक्का मारा, पण मुलांना पाहून मारा.

त्या चालकालाच तपासणीस नेमावे, असे आमचे सहशिक्षक म्हणतात. मी त्याला अनुकूल नाही, कारण त्या पदावर बसवल्यावर त्यालाही आत येऊन रजिस्टरेच मोजावी लागतील आणि चौथीच्या वर्गाला गणित घालणारा एकमेव माणूसही हातचा जाईल.