‘माझी परवानगी नाही’ या संदेशाने फोटो सुरक्षित होत नाहीत

‘उद्यापासून तुमचे सगळे फोटो, अगदी डिलीट केलेलेसुद्धा, फेसबुकच्या मालकीचे होणार आहेत, म्हणून हा मजकूर शेअर न करता कॉपी-पेस्ट करा’ हा संदेश २०१२ पासून रूपे बदलत फिरतो आहे. परवा माझ्या आत्याने तो टाकला. त्याच्या खालीच नातवाचा शाळेच्या पहिल्या दिवसाचा फोटो होता: खिशावर शाळेचा बिल्ला, मागे इमारतीच्या नावाची पाटी आणि तारखेशेजारी पृथ्वीगोलाचे चिन्ह, म्हणजे फोटो कोणालाही खुला.

मालकीचा दावा मुळातच चुकीचा आहे. फेसबुकच्या अटींनुसार फोटो आपलाच राहतो, मात्र तो साठवण्याचा, दाखवण्याचा आणि पुढे इतरांना वापरू देण्याचा विनामूल्य परवाना आपण खाते उघडतानाच दिलेला असतो, आणि दोघांमधला करार एकाने चार ओळी लिहिल्याने बदलत नाही. फोटो काढून टाकल्यावर तो फेसबुकच्या यंत्रणेतून पुसला गेला की हा परवाना संपतो. यंत्रणेतून फोटो पुरता पुसला जायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात.

संदेशात ‘रोम स्टॅट्यूट’चा हवाला असतो. तो १९९८चा करार वंशसंहार आणि युद्धगुन्ह्यांचे खटले चालवणाऱ्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा आहे आणि भारत त्यात सामीलही नाही. संदेशातच येणारे ‘यूसीसी १-३०८’ हे कलम अमेरिकेच्या व्यापारी संहितेतले आहे.

‘कॉपी-पेस्टच करा’ या आग्रहालाही कायद्यात काही अर्थ नाही. त्यामुळे मूळ लेखकाचा माग तेवढा तुटतो.

संदेशातून निर्माण होणारा समज, की धोका फक्त कंपनीकडून आहे, मला सर्वांत घातक वाटतो. क्लिअरव्ह्यू एआय या अमेरिकी कंपनीने फेसबुकसह अनेक संकेतस्थळांवरून तीन अब्जांहून अधिक फोटो कोणालाही न विचारता गोळा केल्याचे २०२० मध्ये उघड झाले. चेहऱ्यावरून माणूस शोधण्याची ही सोय ती पोलिसांना विकत होती. आपला २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही, व्यक्तीने स्वतः सार्वजनिक केलेल्या माहितीला लागू होत नाही, हे कलम ३ मध्ये स्पष्ट लिहिले आहे.

आत्याजवळ बसून आम्ही सेटिंगमधून तिच्या जुन्या सार्वजनिक पोस्ट एकदमच मित्रमंडळींपुरत्या केल्या आणि बिल्ल्याचा फोटो काढून टाकला. तिच्या दोन मैत्रिणींनी मात्र तोवर तो आपल्या फोनमध्ये घेऊन कौतुकाने व्हॉट्सॲपवर पुढे पाठवला होता, आणि त्या प्रती कुठवर गेल्या हे आता त्यांनाही सांगता येत नाही.