ड्राफ्टमध्ये नाव आलं म्हणजे झालं?

आइस हॉकीपटूंच्या कारकिर्दीवरचा तुमचा लेख आवडला, पण 'ड्राफ्टमध्ये निवड झाली की खेळाडूचं आयुष्य मार्गी लागतं' हे वाक्य काही पटलं नाही. ड्राफ्ट म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडणं. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या सर्वात मोठ्या आइस हॉकी लीगच्या ड्राफ्टमध्ये सात फेऱ्या आणि बत्तीस संघ, म्हणजे दरवर्षी दोनशेहून जास्त पोरं निवडली जातात. त्यातली बरीचशी एनएचएलमध्ये एकही सामना खेळत नाहीत. खरी परीक्षा पुढे, एएचएल या एनएचएलच्या खालच्या लीगमध्ये. बसचे लांबलचक प्रवास, आणि करार 'टू-वे' (दोन्ही लीगसाठी वेगवेगळा पगार) असेल तर खाली पाठवल्याबरोबर पगारही खाली!

उलट मार्टिन सेंट लुईसचं बघा. उंची जेमतेम पाच फूट आठ इंच, म्हणून ड्राफ्टमध्ये कुणी विचारलंच नाही. व्हरमाँट विद्यापीठाकडून खेळला, मग दुय्यम लीगमध्ये घाम गाळला. एनएचएलच्या कॅल्गरी संघाने घेतलं आणि 2000 मध्ये सोडूनही दिलं. टॅम्पा बेने उचलला. 2004 मध्ये हा गडी लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवणारा आणि सर्वोत्तम खेळाडू ठरला, वर स्टॅनले कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपदही जिंकला. अंतिम फेरीत हरवलं कुणाला? त्याच कॅल्गरीला! (हे लेखात यायला हवं होतं राव.)

आणि युरोपचा रस्ता तुम्ही एका ओळीत उरकलात. चेक खेळाडू यारोमिर यागर 2008 मध्ये एनएचएल सोडून रशियात ओम्स्कला गेला तेव्हा संपला म्हणणारे कमी नव्हते. तीन वर्षांनी परत आला आणि 2017 च्या अखेरपर्यंत एनएचएलमध्ये खेळला, तेव्हा वय होतं पंचेचाळीस. गोलकीपरांवर वेगळा लेख लिहा, त्यांचं गणितच निराळं असतं.