बरं, मग पुढे काय?

1901 साली साहित्याचं पहिलंवहिलं नोबेल जाहीर झालं तेव्हा रशियन कादंबरीकार टॉलस्टॉय हयात होते, जगभर त्यांचं नाव होतं. पारितोषिक गेलं सुली प्रुदोम नावाच्या फ्रेंच कवीकडे. त्यांची एक तरी ओळ आठवते का कुणाला? मला तर हे नाव फक्त प्रश्नमंजुषेपुरतं माहीत आहे.

प्रुदोम विसरले गेले, टॉलस्टॉय टिकले. इथवर गोष्ट सोपी आहे. पण त्या नोबेलच्या वीसेक वर्षं आधी, पन्नाशीच्या आसपास, घरदार, पैसा, कीर्ती सगळं हाताशी असताना हेच टॉलस्टॉय आतून पार ढासळले होते. स्वतःचाच भरवसा वाटेना म्हणून बंदूक घेऊन शिकारीला जाणंही त्यांनी सोडलं. पुश्किन, शेक्सपिअरपेक्षा मोठं नाव झालं असं धरलं, तरी पुढे काय, हा प्रश्न त्यांनीच लिहून ठेवलाय. उत्तर त्यांच्याकडे नव्हतं.

म्हणून 'प्रसिद्धी क्षणभंगुर असते' हा सुविचार मला अर्धवट वाटतो. जणू ती कायमची असती तर पुरली असती!

आपल्यासारख्यांना तर तिची चव चमचाभरच मिळते. एखादी पोस्ट अचानक चालते. फोन पालथा ठेवायचा, दोन मिनिटांनी परत उचलायचा. अनोळखी लोक 'काय लिहिता हो' म्हणतात. इथपर्यंत मजाच आहे, त्यात पाप काही नाही. घोळ होतो तो पुढची पोस्ट लिहिताना. मागच्या वेळी लोकांना रडू आलं होतं, म्हणून यावेळीही शेवटी आई आणायची. जे खरंच म्हणायचं होतं ते काढून टाकायचं, कारण 'ते चालणार नाही'. आणि एवढं करूनही पोस्ट पडली की पडल्यासारखं आपल्यालाच वाटतं. काल आपण हुशार होतो, आज नाही. एका रात्रीत अक्कल कशी कमी झाली, हे कुणी विचारत नाही.

नील आर्मस्ट्राँग 1969 मध्ये चंद्रावर उतरले. त्याहून मोठी प्रसिद्धी कुठली आणायची? दोनच वर्षांनी नासा सोडून ते सिनसिनाटी विद्यापीठात विमानविद्या शिकवायला गेले आणि 1979 पर्यंत शिकवत राहिले. ते स्वतःला इंजिनिअरच समजत. यात मला नम्रतेपेक्षा शहाणपण जास्त दिसतं. चंद्रावर पुन्हा पुन्हा पहिलं पाऊल टाकता येत नाही, पण वर्गात उद्या पुन्हा जाता येतं. गणित बरोबर आलं की नाही, हे ठरवायला गर्दी लागत नाही.

'स्वतःवर प्रेम करा' या सल्ल्याने माझं कधी भागलं नाही. आरशासमोर उभं राहून किती वेळ प्रेम करणार? त्यापेक्षा आपलं काम जमलं की फसलं, हे दुसऱ्याने सांगण्याआधी आपल्याला कळणं, यावर माझा जास्त विश्वास आहे. अर्थात हात थकले, काम सुटलं की मग काय, हा प्रश्न उरतोच. तेव्हा बहुधा आपली माणसंच लागत असतील, ज्यांना आपल्या कामातलं काही कळत नाही आणि तरी आपण हवे असतो.

मला काळजी वाटते ती स्पर्धांच्या मंचावर टाळ्या घेणाऱ्या लहान मुलांची. गाऊन खाली उतरलेल्या पोराला पहिला प्रश्न असतो, 'परीक्षक काय म्हणाले?' गाताना तुला मजा आली का, कुठे अडलं का, हे कुणीतरी विचारा की त्याला!