पासपोर्ट बघून शिक्षक ठरवू नका

मी बी.एड.च्या मुलांना इंग्रजी कसं शिकवायचं ते शिकवते. त्यामुळे परदेशात शिकवायला जायची इच्छा असलेल्यांचे मेसेज मला सतत येतात, आणि प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, जाहिरातीत नेटिव्ह स्पीकर, म्हणजे इंग्रजी मातृभाषा असलेला शिक्षक, हवा असं लिहिलंय. मी अर्ज करू का?" आज सविस्तर लिहिते.

दक्षिण कोरियाचंच बघा. तिथे इंग्रजी शिकवायला ई-२ व्हिसा लागतो आणि तो मुख्यतः सात देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. खासगी क्लासला, ज्याला तिथे हागवॉन म्हणतात, पदवी कुठल्याही विषयातली चालते. म्हणजे यातल्या एखाद्या देशाचा अकाउंटिंगचा पदवीधर, आयुष्यात खडू हातात न धरलेला, सहज पात्र. आणि सातारची एम.ए. इंग्लिश, बी.एड. झालेली, वर्षानुवर्षं आठवी-नववीचे वर्ग सांभाळणारी माझी विद्यार्थिनी त्याच क्लाससाठी अर्जाआधीच बाद. मला याचा मनापासून राग येतो.

दक्षिण आफ्रिकेत घरी झुलू किंवा आफ्रिकान्स बोलणारी असंख्य माणसं आहेत. कोरियाच्या सरकारी शाळांच्या योजनेत त्यांना आपलं शालेय शिक्षण इंग्रजीतून झाल्याचा दाखला द्यावा लागतो. ही अट अगदी रास्त आहे. मग तीच आम्हालाही लावा! दाखला मागा, परीक्षा घ्या, तासभर वर्गात उभं करून शिकवून बघा. आमची काहीच हरकत नाही.

शिकवण्याच्या बाजूने पाहिलं तर आपल्याकडे उलट एक जमेची बाजू आहे. मराठीसारखंच कोरियन वाक्यातही क्रियापद शेवटी येतं. 'ए', 'अ‍ॅन', 'द' हा प्रकार दोन्ही भाषांत नाही. कोरियन मूल नेमकं कुठे अडखळणार हे मराठी माध्यमातून आलेल्या शिक्षिकेला आधीच ठाऊक असतं, कारण ती स्वतः तिथेच अडखळून पुढे गेलेली असते. आमच्या पिढीने तर इंग्रजीची पहिली अक्षरं पाचवीत गिरवली. पहिलीपासून इंग्रजी महाराष्ट्रात २००० साली आलं. इंग्रजी शिक्षकांच्या टीसॉल या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००६ मध्येच मातृभाषेवरून होणाऱ्या भेदभावाविरुद्ध ठाम भूमिका जाहीर केली. व्हिसाचे नियम मात्र अजून तिथेच अडलेत.

तरीही एक दार उघडं आहे आणि फार थोड्यांना ते माहीत आहे. भारत-कोरिया यांच्यातला सेपा हा आर्थिक भागीदारीचा करार १ जानेवारी २०१० पासून लागू आहे. त्यात इंग्रजीची पदवी आणि शिक्षकाची पात्रता असलेल्या भारतीयांना तिथल्या शाळांत सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून घेण्याची तरतूद आहे. हागवॉनसाठी ती नाही. ज्यांच्याकडे बी.एड. आहे त्यांनी आधी याची चौकशी करावी.

कागदपत्रांचं आजच सुरू करा. मूळ पदवी प्रमाणपत्रावर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा शिक्का, लागतं, त्याआधी राज्याच्या पातळीवरची पडताळणी. पासपोर्ट कार्यालयाकडून पोलीस क्लिअरन्स, त्यावरही अपोस्टिल. आपल्याकडे पदवी हातात पडली की घरचे कौतुकाने आधी ती लॅमिनेट करून आणतात. लॅमिनेटवर शिक्का बसत नाही! वर सांगितलेल्या मुलीचं प्रमाणपत्र प्लास्टिक सोलताना कोपऱ्यात फाटलं, विद्यापीठाची सहीसुद्धा निघून आली. दुय्यम प्रत मिळेपर्यंत त्या वर्षीची भरती संपली होती. कृपा करून लॅमिनेशन करू नका.

थायलंडचे नियम त्या मानाने मोकळे आहेत. पदवी हवी, नॉन-इमिग्रंट बी व्हिसा हवा, वर्क परमिट हवं आणि शाळेत शिकवायला तिथल्या शिक्षक परिषदेची, म्हणजे खुरुसफाची, परवानगी हवी. इंग्रजी मातृभाषा नसेल तर साधारणपणे टोइक या इंग्रजीच्या परीक्षेचे किमान ६०० गुण मागतात. आपल्या चांगल्या शिक्षकाला हे अवघड नाही. पगारात मात्र आशियाई आणि गोऱ्या शिक्षकांत फरक करणाऱ्या शाळा आहेत, तेव्हा आकडा लेखी घ्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. "आत्ता टुरिस्ट व्हिसावर या, पुढचं आम्ही बघतो," असं सांगणारा एजंट भेटला तर फोन ठेवून द्या. थायलंडमध्ये परमिटशिवाय काम करताना सापडलात तर ५,००० ते ५०,००० बाट दंड होतो आणि देशाबाहेर काढतात. पकडली जाते ती शिक्षिका. एजंट तेव्हा फोनही उचलत नाही. परमिट ठरावीक मालकाच्या नावाचं असतं, म्हणून नेमणूकपत्रावरची शाळा आणि परमिटवरची शाळा एकच आहे ना, हे विमानाचं तिकीट काढण्याआधी विचारा. ज्यांच्याकडे नेमणूकपत्र आलंय त्यांनी मला इनबॉक्समध्ये पाठवा, मी वाचून सांगेन.