एक तारा दिलेल्या ताईंना: किटली अमेरिकेची, निपल बोहरी आळीतलं

ताई, नमस्कार.

बोहरी आळीतल्या आमच्या हार्डवेअरच्या दुकानाला तुम्ही दिलेला रिव्ह्यू वाचला. तक्रारी तीन आहेत. कोंबुचाच्या, म्हणजे आंबवलेल्या चहाच्या, किटलीला आमच्याकडून नेलेलं होज निपल (पाइप चढवायचं तोंड) गळतं. पाइप गरम चहाने लोळागोळा झाला, तरी आम्ही परत घेतला नाही. आणि तुम्ही पितळी निपल मागत असताना आम्ही 'महागाचं स्टील गळ्यात मारलं'. तिन्हींना मिळून 'असुविधेबद्दल क्षमस्व' लिहून मोकळं होता आलं असतं, पण गळती तशीच राहिली असती.

गळतीची चूक आमची. तुम्ही टाकलेला फोटो मोठा करून पाहिला. निपलला टेफ्लॉन टेपचा चांगला फेटा बांधलाय, खाली वाटी ठेवलीय, आणि मागे खोक्यावर लिटरऐवजी गॅलन छापलंय. तिथेच उलगडा झाला. किटली अमेरिकेची आहे, तिच्या बॉल व्हॉल्व्हचे (तोटीचे) आटे एनपीटी, म्हणजे अमेरिकन पद्धतीचे. काउंटरवरच्या पोराने दिलं ते बीएसपी, म्हणजे ब्रिटिश पद्धतीचं, कारण आपल्याकडे मोरीच्या नळापासून गिझरपर्यंत सगळीकडे तेच चालतं. तुम्ही 'अर्धा इंच' म्हणालात, त्याने अर्धा इंच काढून दिलं. किटली कुठली, हे विचारायचं राहिलं. नंतर कळलं की तुम्ही मोबाइलवर दाखवलेल्या खोक्यावर बिअरचा फेसाळ मग होता आणि पोरगं संकोचलं. पण म्हणून तुम्ही का भोगायचं?

हा घोळ नेमका अर्ध्या आणि पाऊण इंचातच होतो. पाव इंचात बीएसपीला इंचामागे 19 आटे, एनपीटीला 18. एक इंचात 11 आणि साडेअकरा. तिथे निपल चढवताना हाताला लगेच कळतं की काहीतरी बिनसलंय. अर्ध्या-पाऊण इंचात मात्र दोघांचेही आटे 14. त्यामुळे निपल गोडीगुलाबीने आत शिरतं, फिरतं, आवळतं, आणि वाटतं बसलं एकदाचं! पण बीएसपीच्या आट्याचा कोन 55 अंशांचा आणि एनपीटीचा 60 चा. इंग्लंडात व्हिटवर्थने 1841 साली 55 धरला, अमेरिकेत सेलर्सने 1864 मध्ये 60. मतभेद त्यांचे, थेंब तुमच्या ओट्यावर. शिवाय जाडीतही फरक आहे. बीएसपीचा बाहेरचा व्यास 20.96 मिलिमीटर, एनपीटीचा 21.34. (दोन्ही 'अर्धा इंच' कसे, हे मलाही लहानपणी वडिलांना विचारावं लागलं होतं. ते माप जुन्या काळच्या पाइपच्या आतल्या पोकळीचं, बाहेरून पट्टी लावून सापडत नाही.) मग दोन आट्यांच्या कुशीत बारीक फट राहते. ती गोल जिन्यासारखी बाहेरपर्यंत येते आणि पाणी त्याच जिन्याने खाली उतरतं.

टेपने ती फट बुजत नाही. गार पाण्याला थोडा वेळ दम धरते, चहा गरम ओतला की पुन्हा टपटप. एक विनंती, आता पान्याने आणखी आवळू नका. स्टीलवर स्टील जोराने ओढलं की धातू धातूला धरतो आणि मग निपल निघत नाही. त्यात व्हॉल्व्हचे आटे गेले तर नुकसान आत्ताच्या दहापट.

पाइपचं मात्र मला पटलेलं नाही. तुम्हाला सिलिकॉनचा दाखवला होता. 'चहा गार करूनच ओतणार आहे' असं सांगून तुम्ही पारदर्शक पीव्हीसी घेतलात. गार चहासाठी तो चालतोच, म्हणून आम्हीही दिला. रिव्ह्यूत तुम्हीच लिहिलंय की चहा उकळून लगेच सोडला. साठ अंशांच्या वर पीव्हीसी मऊ पडणारच, वासही सोडणार. आणि मापाने कापलेला पाइप परत होत नाही, ही पाटी काउंटरवर आहे. सिलिकॉन घेतलात तर उकळत्या पाण्यात टाकून धुताही येईल. गोड चहाचा ओलावा आत राहिला की बुरशी धरते, कोंबुचावाल्यांना ते जास्त सांगायला नको. फक्त जुबली क्लिप (पाइपभोवती आवळायची पट्टी) बेताने आवळा, सिलिकॉन मऊ असतो, पट्टी त्यात रुतून पाइप चिरतो.

राहिलं पितळ. स्टीलचं निपल पितळेच्या जवळजवळ तिप्पट पडलं, हे खरं. नुसता चहा पाच मिनिटं पितळेतून वाहिला असता तर मी चकार शब्द काढला नसता. पण तुम्ही म्हणालात की बरणीच्या तोटीलाही तेच लावणार. त्या बरणीत आंबट पेय आठ-दहा दिवस तोटीला लागून उभं राहणार. आपल्या आज्या कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ताक का ठेवत नव्हत्या? कळकतं म्हणून. कोंबुचा ताकाहूनही आंबट. तांबं-जस्त उतरतंच, आणि निपलसारख्या वस्तूंच्या पितळेत ते लेथवर सहज कापलं जावं म्हणून थोडं शिसंही घातलेलं असतं. बागेच्या नळाला हवं तेवढं पितळ न्या. पोटात जाणाऱ्या आंबट वस्तूला मी देणार नाही, मग दुसरा तारा गेला तरी चालेल. (एकच आहे म्हणा.)

आता पुढचं. एनपीटीचं अर्ध्या इंची स्टेनलेस स्टीलचं (एसएस 304) निपल आमच्याकडेच होतं, माळ्यावर. केमिकल कंपन्या नेतात, म्हणून काउंटरवर मांडत नाही. ते काढून ठेवलंय. बदलून देईन, वर एक पैसा घेणार नाही. टेप लावलेलं जुनंही चालेल, धुऊन आणायची गरज नाही. काउंटरच्या पोरालाही सांगून ठेवलंय की यापुढे आधी भांडं कुठलं ते विचारायचं, मग माप.

दुपारी चारनंतर मी स्वतः असतो. येताना किटलीच आणा, फोटो नको. निपल इथेच बसवू, पाच लिटर पाणी भरू, खाली वर्तमानपत्र अंथरू आणि अर्धा तास ठेवू. कागद कोरडा राहिला की घेऊन जा.