'रिव्हर टच' प्लॉट घेणाऱ्या माझ्या मुंबईकर नातेवाइकांसाठी

आमच्या फॅमिली ग्रुपवर जाहिरात आली आहे. नेरळ-वांगणी पट्ट्यात 'रिव्हर टच' एनए (बिगरशेती) प्लॉट, हप्त्यांची सोय, रविवारी साइट दाखवायला गाडी फुकट. खाली लगेच तीन काकांचं 'डिटेल्स पाठवा'. म्हणून हे लांबण लावतोय.

काका, साइट दाखवतात ती उन्हाळ्यात. तेव्हा उल्हास नदीच्या काठची जमीन रिकामी दिसते. सातबारा कुणाच्याही नावावर असो, पावसाळ्यात तिथे वहिवाट नदीची. 27 जुलै 2019 ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली, हजाराहून जास्त प्रवासी बाहेर काढावे लागले. आठवतंय ना?

तिथली भाताची खाचरं काय करतात ते बघा. बांधाबांधाला पाण्याचा जोर मोडतो, काही जिरतं, गाळ खाचरात बसतो. एक-दोन दिवस बुडालं तरी भात बहुधा तगतो, आणि गेलाच तर एक हंगाम जातो. कापणीनंतर उरलेल्या ओलीवर वाल होतो. नदी आल्यावर तिला जागा देऊन पुन्हा कामाला लागणारा दुसरा कुठला धंदा मला तरी माहीत नाही. याच जमिनीवर डंपरने भराव टाकून प्लॉट उंच केले की पाणी नाहीसं होत नाही, ते शेजारच्या शेतात नाहीतर समोरच्या काठावरच्या चाळीत शिरतं.

हे आपण एकदा करून बसलोय. मुंबईत मिठी नदीच्या पाणथळीवर भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभं केलं, विमानतळासाठी तिचं पात्र वळवलं, आवळलं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस झाला. एवढा पाऊस कुठलंही शहर बुडवेल, मान्य; पण पाण्याला पसरायला जागाच ठेवली नव्हती.

आता कुणी म्हणेल, शेतकऱ्यांनी जमिनी विकूच नयेत. वन-बीएचकेच्या खिडकीतून हा उपदेश करणं मला निर्लज्जपणाचं वाटतं. भातात सुटतं किती? पोरांची शिक्षणं, घरातलं आजारपण, आणि समोर गुंठ्याचा भाव घेऊन बसलेला एजंट. त्यांची खाचरं खालच्या बदलापूर-कल्याणचा पूर थोपवत असतील, तर त्याचं भाडं शहरांनी दरवर्षी एकरी रोख द्यावं. मिठी उपसायला कोट्यवधी निघतात, मग हेही निघतील. अट एकच: भराव नाही.

आणि काका, टोकन देण्याआधी ब्रोशर बाजूला ठेवून जलसंपदा खात्याचा पूररेषेचा नकाशा मागा. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. प्लॉट निळ्या रेषेच्या आत निघाला, तर एजंटला फक्त विचारा, जुलैमध्ये साइट दाखवाल का?